अकरा उंबऱ्यांचं गाव, लेक टच जमीन आणि माझी एक सही

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

ताई, माझं वय 33, राहते कोपरखैरणेला, लग्नाला सात वर्षं झाली, एक मुलगी आहे. माहेर कोयना धरणाच्या काठाला, तापोळ्याहून लाँचने पलीकडे जायचं. गाव केवढं तर अकरा उंबरे, त्यातले पाच उघडे, बाकीची कुलपं शिमग्याला नाहीतर जत्रेला निघतात. वडील माथाडी होते, रिटायर झाल्यावर गावाला जाऊन राहिले आणि दोन वर्षांपूर्वी वारले. आई, वय 66, तिथेच एकटी राहते, मुंबईला यायला तयार नाही. आता चुलत भावाने एक पार्टी आणलीय, त्यांना आमची पाण्याकडची जमीन पाहिजे. माझ्या भावाला पण विकायची आहे, त्याच्या डोक्यावर टेम्पोचं कर्ज आहे. मला आणि मोठ्या बहिणीला हक्कसोड पत्रावर सही करायला सांगतायत, नुसती फॉर्मॅलिटी आहे म्हणे. बहीण हो म्हणाली. मी अडून बसलेय, पैशासाठी नाही, गाव संपेल म्हणून. आपण होमस्टे काढू म्हटलं तर भाऊ हसला. वहिनी बोलत नाही. मिस्टर म्हणतात तुमच्या घरचं तुम्ही बघा. आई म्हणते तुमचं तुम्ही ठरवा, मला मध्ये घेऊ नका. सही केली तर गाव जाणार, नाही केली तर माहेर तुटणार. काय करू?

---

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला एकाच वाक्याशी अडकले. ते वाक्य तुझं नाही, तुझ्या आईचं आहे. त्याच्याकडे येतेच, पण त्याआधी तातडीचं बोलून घेऊ कारण तू लिहिलंयस की पुढच्याच आठवड्यात सगळ्यांना रजिस्टर ऑफिसला बोलावलंय.

पुढच्या आठवड्यात सही करू नकोस. आणि नाही पण म्हणू नकोस. "मी कागद वाचते, मग सांगते" एवढं एकच वाक्य बोलायचं, शांतपणे, ग्रुपवर नाही, भावाला फोन करून. घाई कसली आहे ते विचार. चुलत भावाने पार्टीकडून इसार घेतलाय का? हे सरळ विचार, कारण माझा अनुभव असा की बहिणींच्या सहीची अशी अचानक घाई होते तेव्हा बऱ्याचदा कोणीतरी आधीच कुठेतरी टोकन घेऊन बसलेलं असतं, आणि मग ते त्याचं टेन्शन सगळ्या घराला वाटून टाकतं. इसार घेतला असेल तर तो ज्याने घेतला त्याचा प्रश्न आहे, तुझा नाही.

आता फॉर्मॅलिटी. हक्कसोड ही फॉर्मॅलिटी नसते गं. विक्रीला संमती देणं वेगळं आणि हक्क सोडणं वेगळं, आणि घराघरात ही दोन्ही एकाच श्वासात बोलली जातात. खरेदीखतावर तू भावाबरोबर विकणारी म्हणून सही केलीस तर तुझा हिस्सा तू विकलास, त्याचे पैसे तुझ्या खात्यात येणार, ते नंतर भावाला द्यायचे का नाही ते तुझ्या हातात. हक्कसोड केलंस तर विक्री व्हायच्या आधीच तू त्या जमिनीतून बाहेर. उद्या पार्टी पळून गेली, व्यवहार मोडला, जमीन तशीच राहिली तरी तू परत आत येत नाहीस. नोंदणी झालेलं हक्कसोड मोडायचं म्हणजे दिवाणी कोर्टात जाऊन फसवणूक झाली हे सिद्ध करायचं, आणि ते कोणाशी तर सख्ख्या भावाशी.

मी स्वतः केलीय अशी सही. अठ्ठावीस वर्षांची होते, माहेरी चुलत बहिणीच्या लग्नाची गडबड, स्वयंपाकघरात ओट्यावर पुऱ्यांचं पीठ मळलेलं, काका कागद घेऊन आले, मी हात पुसले आणि जिथे बोट ठेवलं तिथे सही केली, मग एक दिवस ऑफिसात जाऊन अंगठा नि फोटो. जमीन गेली याचं मला आजही फार वाईट वाटत नाही खरं सांगायचं तर, ती मी कसणार नव्हतेच. पण त्या कागदात काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही, आणि मला कोणी वाच म्हणालं नाही, ही गोष्ट पंधरावीस वर्षांनी पण मध्येच रात्री आठवते. तुला मी जे सांगणारे ते सगळं या एका गोष्टीतून येतंय, त्यामुळे माझं बोलणं थोडं पारखून घे.

बरं, आता तुझ्या मुद्द्यावर. तू म्हणतेस गाव संपेल.

कुठलं गाव?

चिडू नकोस, खरंच विचारतेय. तुझ्या आजीच्या सासूला विचारलं असतंस तर ती म्हणाली असती गाव तर कधीच संपलं. कोयनेचं पाणी 1961 पासून अडायला लागलं, शंभरेक गावं त्यात गेली, आणि गेली म्हणजे खाचरं गेली, नदीकाठची भाताची चांगली जमीन गेली, देवळं गेली. त्या वेळेला पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, राज्यात तो आला 1976 ला, तोवर लोक सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे असे कुठे कुठे पांगलेले. आणि जे नाही गेले ते वर सरकले, डोंगराच्या अंगाला, जिथे नाचणी नि वरी पिकते तिथे. म्हणजे तू ज्याला आमचं मूळ गाव म्हणतेस ते मुळात पाण्यापासून पळून वर चढलेल्या माणसांनी नव्याने मांडलेलं गाव आहे. त्यानंतर 1967 च्या डिसेंबरात पहाटे भूकंप झाला तेव्हा परत हादरलं. त्यानंतर पोरं मुंबईला गेली, कोणी गिरणीत, कोणी बंदरावर, गावाची म्हणून मुंबईत एक खोली असायची तिच्यात पंचवीसजण दाटीवाटीने झोपायचे आणि 1969 ला माथाडी कायदा झाला त्यानंतर कुठे हमालीचं काम जरा माणसात आलं. तुझ्या वडिलांनी पाठीवर गोणी वाहून ती घरं टिकवली. तुझ्या गावात गावातला पैसा कधी नव्हताच, ते मुंबईच्या पैशावर उभं राहिलेलं गाव आहे आणि मला यात काही कमीपणा दिसत नाही. पण मग ते एका सहीने संपतं किंवा एका सहीने वाचतं, हे मला पटत नाही. पाच उघड्या घरांचं गाव तू सही नाही केलीस तरी दहा वर्षांनी दोन घरांचं होऊ शकतं.

गंमत बघ काय आहे. जी जमीन पाण्यात गेली तिचे त्या काळात जे काय मिळाले ते मिळाले, आणि जी खडकाळ म्हणून उरली, जिच्यात गवे नाचणी खाऊन जातात, तिलाच आज "लेक टच" म्हणून भाव आलाय. त्याच पाण्यामुळे. एक पूल होतोय तापोळ्याकडे, नवीन महाबळेश्वरच्या गोष्टी चालल्यात, एकनाथ शिंदेंचं दरे गाव त्याच पाण्याच्या काठाला असल्यामुळे टीव्हीवाले पण येऊन गेले, एजंट लोकांना आणखी काय पाहिजे. एकदा या लेक टचचं पण नीट बघून घे हं. धरणासाठी संपादन झालेली हद्द वेगळी आणि मेमध्ये पाणी जिथे दिसतं ती जागा वेगळी. पाणी ओसरल्यावर जी गाळाची जमीन उघडी पडते ती सरकारची, ती कोणाच्या सातबाऱ्यावर नसते आणि विकायला पण येत नाही. एजंट फोटो काढतात मेमध्ये, हिरव्या गवतावरून थेट पाण्यापर्यंत, आणि पार्टीला सांगतात सगळं तुमचंच. मोजणी झाली की पार्टीला कळतं, मग भांडण येतं विकणाऱ्याच्या दारात. म्हणजे तुझ्या आईच्या दारात, कारण त्या दारात दुसरं कोणी राहतच नाही.

मी एकदा मेच्या शेवटी तापोळ्याला गेले होते. पावसाळ्यानंतर जिथे लाँच धक्क्याला लागते तिथून पाणी इतकं खाली गेलेलं की भेगाळलेल्या चिखलातून उतरत उतरत जायला लागलं, एक बाई डोक्यावर गॅसची टाकी घेऊन उतरत होती आणि मागे तिचा सहासात वर्षांचा मुलगा, त्याच्या हातात फक्त रेग्युलेटर, असा धरलेला जसा काही देवाचा मुकुट आहे. टाकी लाँचने पलीकडे गेली की पुढे परत चढ. मी लाँचवाल्याला विचारलं पावसाळ्यात काय करता, तो म्हणाला पावसाळ्यात पाणी वर येतं म्हणजे चढ कमी होतो, पण धुकं असतं. एवढंच. मला ते उत्तर फार आवडलं, तक्रार नाही आणि कौतुक पण नाही. आपण मुंबई-पुण्याकडची माणसं जुलै-ऑगस्टमध्ये बातम्यांत बघतो कोयना किती भरलं, 105 टीएमसी पैकी किती झालं, आणि तिथली माणसं पायवाटेवरचा कुठला दगड बुडाला त्यावरून सांगतात.

तू कधी गेलीस शेवटची? पत्रात शिमगा आहे, जत्रा आहे, मेची सुट्टी आहे. आषाढ नाहीये. मी चुकत असेन तर सांग. पण ज्या गावासाठी तू भावाशी भांडतेयस ते तू सुट्टीत बघितलेलं गाव आहे, आणि तुझी आई राहते ते गाव पावसाळ्यातलं आहे, चार महिने भिंतीला ओल, चुलीवर वाळत टाकलेले कपडे, लाइट गेली तर दोन दोन दिवस नाही, आणि छातीत दुखलं तर आधी लाँच, मग तापोळा, मग घाट. दोन्ही गावं खरी आहेत. पण सही करायची का नाही हे सुट्टीतल्या गावावरून ठरवू नकोस.

भावाबद्दल. तू त्याला पत्रात चार वेळा "पैशाच्या मागे" असं म्हटलंयस. मी मोजले. पण त्याच पत्रात एका ओळीत हे पण आहे की वडिलांना शेवटच्या आजारपणात साताऱ्याला नेणं-आणणं त्यानेच केलं आणि टेम्पोचे हप्ते तेव्हापासून थकले. म्हणजे त्याने गावावर खर्च केलाय गं, फक्त तो खर्च जमिनीसारखा दिसत नाही. त्याला विचार, कर्जाचा आकडा किती आहे? तुम्हाला तिघांना तो आकडा माहितीय का? मला दाट शंका आहे की नाही. आकडा कळला तर कदाचित असं निघेल की सगळी जमीन विकायची गरजच नाही, एखादा गट, म्हणजे स्वतंत्र नंबरचा एक तुकडा, विकला तरी भागतं. किंवा तुम्ही दोघी बहिणी मिळून त्याचा हिस्सा घेऊ शकता, हिंदू वारसा कायद्यात कलम 22 आहे, एका वारसाला आपला हिस्सा बाहेर विकायचा असेल तर बाकीच्या वारसांना आधी घ्यायचा हक्क असतो, शेतजमिनीला पण ते लागू होतं असं सुप्रीम कोर्टाने म्हटलेलं आहे. पैसे नाहीत म्हणशील तर ठीक आहे, पण मग निदान हे मान्य कर की गाव वाचवायचा खर्च तू भावाच्या कर्जावर टाकतेयस. हे जरा जास्त बोलले का मी? असू दे, राहू दे.

होमस्टेवर भाऊ हसला, तुला राग आला. मला पण आधी राग आला त्याचा, मग मी विचार केला की त्या होमस्टेत भाकरी कोण थापणार? तू कोपरखैरणेला, मिस्टर म्हणतात तुमचं तुम्ही बघा. म्हणजे आई थापणार, 66 व्या वर्षी, अनोळखी बारा माणसांसाठी, जी रात्री दोन वाजेपर्यंत गाणी लावणार आणि सकाळी विचारणार मावशी गरम पाणी आहे का. किंवा मग वहिनी, जी अजून तुझ्याशी बोलत नाहीये. काठावर तंबू लावून धंदा करणारे लोक आहेत, काहींचं चांगलं चालतं, राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण आहे त्यात शेतकरी कुटुंबाला पर्यटन विभागाकडे नोंदणी करून खोल्या देता येतात, कल्पना वाईट नाहीच. पण ती कल्पना घेऊन तिथे राहायला जाणारा एक माणूस लागतो. तो माणूस तू आहेस का? दोन वर्षं? नसशील तर तो विषय भांडणात काढू नकोस, त्याने तुझा खरा मुद्दा हलका होतो. गावातला एखादा मुलगा परत आलेला असेल, येतात हल्ली एखाददुसरे, त्याला जागा भाड्याने देता येईल का हे बघणं जास्त शहाणपणाचं, कागद करून, अकरा महिन्यांचा किंवा जो काय वकील सांगेल तो.

आता आईचं वाक्य. तुमचं तुम्ही ठरवा, मला मध्ये घेऊ नका.

तू याचा अर्थ लावलायस की आईला काही फरक पडत नाही. मला नाही तसं वाटत. मला वाटतं तिला भीती वाटतेय, की ती एकाची बाजू घेईल आणि दुसरा यायचा बंद होईल. बाई एकटी राहते, तिची सगळी मिळकत म्हणजे तुमचं येणं. पण मुद्दा असा आहे की ती मध्ये आहेच. ती बघणारी नाहीये यात, ती मालक आहे. वडिलांच्या हिश्श्यात आई, भाऊ आणि तुम्ही दोघी, चौघांचा सारखा वाटा, जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशोब थोडा वेगळा मांडतात पण मुलीचा हक्क मुलाएवढाच, 2005 च्या दुरुस्तीने तो दिलाय आणि सुप्रीम कोर्टाने 2020 ला तो आणखी स्पष्ट केलाय. आणि तुझ्या पत्रात शेवटाकडे एक ओळ आहे, सारांशात मी घेतली नाही कारण मला ती इथे पाहिजे होती: "आईची पण सही घेणार आहेत, ती घरीच अंगठा देईल." इथे मात्र मी तुला सांगेन की पाय रोवून उभी रहा. तुझी सही तू कर, नको करूस, तुझा प्रश्न. आईच्या हक्कसोडला, आणि त्याहीपेक्षा जास्त म्हणजे तिच्याकडून कोणी कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी, घेत असेल तर त्याला, नाही म्हणायचं. राहतं घर, अंगण, परसातली झाडं आणि चुलीला लाकूड मिळतं तेवढा तुकडा तिच्या नावावर तिच्या हयातीत राहिला पाहिजे. बाकी सगळं विका नाहीतर ठेवा. हे भावाला सांगताना असं सांग की हे तुझ्या विरोधात नाही, उद्या पार्टीने कुंपण घातलं आणि तिची पाण्याकडे जायची वाट बंद झाली तर तुला सुट्टी टाकून तिथे भांडायला जावं लागेल. वाटेचं तर लेखी घ्याच. डोंगरातल्या जमिनीच्या व्यवहारात पायवाटा कागदावर नसतात, गावाला माहिती असतात, आणि नवीन मालकाला गावाला माहिती असलेलं काही माहिती नसतं.

आणि तिला विकायचं का म्हणून विचारू नका, त्याला ती उत्तर देणारच नाही. साधं विचार. पावसाळ्यात बीपीच्या गोळ्या संपल्या तर कोण आणतं? रात्री काही झालं तर कोणाला हाक मारतेस? तुला मुंबईत नक्की काय नको वाटतं, घर नको का जिना नको का सुनेचं स्वयंपाकघर नको? मला एका वाचकबाईंनी मागे लिहिलं होतं, त्यांची सासू गाव सोडत नव्हती, सगळ्यांनी तीन वर्षं समजावलं, शेवटी कळलं की तिला फ्लॅटचा कमोड जमत नव्हता आणि ते ती कोणाला सांगू शकत नव्हती. तुझ्या आईचं तसं असेल असं नाही. कदाचित तिला खरंच तिथेच राहायचंय, संध्याकाळी शेजारणीबरोबर हिरडा निवडत बसायचंय, आणि त्यात समजावण्यासारखं काही नाहीच. मग तुम्हा तिघांचं काम तिला हलवायचं नाही, तिला तिथे नीट राहता येईल एवढं बघायचं. सोलर दिवा, तीन महिन्यांच्या गोळ्या, शेजारच्या घराला महिन्याला थोडे पैसे की रोज एकदा डोकावा, लाँचवाल्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात. याला सातबारा लागत नाही.

ज्यांच्या घरात असंच काही चाललंय त्या बाकीच्या वाचक बायकांसाठी पण कागदाचं एकदा सांगून टाकते, पटपट सांगते. सातबारा आणि 8अ म्हणजे खातेउतारा ऑनलाइन निघतो, आजच काढ, आपल्या नावाचा उतारा बघायला भावाची परवानगी लागत नाही. वडिलांच्या जागी वारसनोंद झालीय का आणि त्यात तुम्हा सगळ्यांची नावं आहेत का ते बघ, जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, पण बघ, चुलत्यांशी वाटणी कधी झाली होती का नुसतं तोंडी आहे. वाटणी झालेली नसेल तर चुलत भाऊ "आमची पाण्याकडची" म्हणतो ती नक्की कोणाची हाच पहिला प्रश्न, आणि सगळे तयार असतील तर तहसीलदारांकडे अर्ज करून जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली वाटप होतं, ते विक्रीच्या आधी करून घ्यावं. हक्कसोडच्या मसुद्यात "सर्व हक्क व हितसंबंध" असं मोघम लिहिलेलं असतं, त्याच्याऐवजी गट नंबर लिहायला लावायचे, एकेक. तुमच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण घराणं धरणग्रस्त असेल तर प्रकल्पग्रस्ताचा दाखला, पर्यायी जमिनीचा जुना दावा असं काहीतरी कुठल्यातरी ट्रंकेत असू शकतं आणि मोघम कागदाने त्यावर पण पाणी सोडाल. दुसरं, तुझं नाव दुसऱ्या कुठल्याच शेतजमिनीला नसेल आणि इथून पण निघालं तर पुढे कधी तुला शेतजमीन घ्यायची झाली तर शेतकरी असल्याचा पुरावा राहत नाही, बिगरशेतकऱ्याला आपल्याकडे शेतजमीन सहज घेता येत नाही. हे बहिणीला पण सांग, तिला बहुतेक माहिती नसेल. पार्टी स्वतः शेतकरी आहे का हे पण विचारा. आणि तिथे रिसॉर्ट होणार म्हणून जे आकडे सांगतायत ते ऐकताना लक्षात ठेवा की महाबळेश्वर तालुक्याला 2001 पासून इको सेन्सिटिव्ह झोनचे निर्बंध आहेत, त्या भागात अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दी पण आहेत, तुमचा गट कशात येतो ते आधी बघायचं. फेरफाराची नोटीस निघते तेव्हा हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात, ती नोटीस गावच्या पत्त्यावर जाते, म्हणजे आईला सांगून ठेव की कुठलाही कागद आला तर फोटो काढून पाठवायचा, शेजारच्या पोराकडून. साताऱ्यात एखादा वकील गाठ जो चुलत भावाच्या ओळखीचा नाही. बस.

माहेर तुटेल म्हणतेस. मी सही केली होती, हे सांगितलं तुला. सही केली म्हणून माझं माहेर राहिलं असं काही झालं नाही. ते ज्या वहिनीने ठेवलं तिने ठेवलं, ती जमिनीचं काही बघून वागणारी नव्हतीच. आणि माझी एक मैत्रीण, तिने सही नाकारली, दोन वर्षं अबोला होता, मग भाच्याच्या बारशाला फोन आला, आज सगळे येतात-जातात. उलटं झालेलं पण मी बघितलंय, खोटं कशाला सांगू, वीस वर्षं तोंड बघत नाहीत असे पण आहेत. तुझं काय होईल मला माहिती नाही. पण मला जे दिसतं ते असं की भावाबहिणीचं बिघडतं ते बहुतेक वेळा नाही म्हटल्यामुळे कमी आणि नाही कसं म्हटलं, कोणासमोर म्हटलं, त्याने जास्त. तू फॅमिली ग्रुपवर "माझ्या बापाची जमीन" असा मेसेज टाकलास असं लिहिलंयस. तो डिलीट होणार नाही आता. पण वहिनीला फोन कर, भावाला नाही, वहिनीला, आणि जमिनीचं काही न बोलता हप्त्याचं विचार. घर ती चालवतेय.

बहिणीला सही करू दे तिला करायची असेल तर. तिची कारणं असतील, सासरची, पैशाची, किंवा तिला खरंच नको असेल. ती हो म्हणाली म्हणून तू वाईट ठरत नाहीस आणि तू थांबलीस म्हणून ती भोळी ठरत नाही. फक्त कागद तिला वाचून दाखव.

आणि आता एक काम कर. जुलैत चार दिवस सुट्टी काढ, मुलीला मिस्टरांकडे ठेव, बघू देत त्यांनी पण काहीतरी, आणि गावाला जा. आईसाठी गोळ्या, बॅटरी, जाड प्लॅस्टिक घेऊन जा. भावाला बरोबर ने, चुलत भावाला नको. तापोळ्यापर्यंत तो फोनवर असेल, हप्त्यावाल्यांचे फोन, एजंटचे फोन. लाँच जरा आत गेली की रेंज जाते, इंजिनच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागतं आणि उठून जायला जागा नसते. कर्जाचा आकडा तिथे विचार.